असू द्या

मी मराठीचा शिक्षक. आठवीच्या पोरांना संयुक्त क्रियापद शिकवताना फळ्यावर हमखास ‘असू द्या’ लिहायचो. सोपं उदाहरण वाटायचं. ‘अस’ हा धातू, त्याला ‘द्या’ जोडलं की परवानगी झाली, पुढचं वाक्य घ्या. आता लिहीत नाही. आता ‘खाऊ द्या’ लिहितो, ‘जाऊ द्या’ लिहितो. त्या दोन शब्दांचा अर्थ मला येत नाही हे पोरांना कळायला नको.

हे सगळं गणिताच्या सरांमुळं झालं.

परंड्याला आमच्या शाळेत ते माझ्या आधीपासून होते. उंच, किडकिडीत, शर्टाच्या खिशात कायम दोन पेनं, एक निळं, एक तांबडं. गळ्यात शर्टाच्या आत लिंगायतांचं इष्टलिंग. गाव सास्तूरकडचं, त्यामुळं बोलताना मध्येच कानडी. त्यांचा सगळ्यात लाडका शब्द ‘साकु’. साकु म्हणजे पुरे. जेवताना साकु, पोरांचा गोंधळ वाढला की साकु, हेडमास्तरांचं भाषण लांबलं की शेवटच्या रांगेतनं हळूच साकु. पोरांनी त्यांचं नावच साकुसर पाडलं होतं आणि ते त्यांना माहीत होतं.

ह्या माणसाला प्रत्येक गोष्टीला हद्द लागायची. चहा एक कप. भाकरी दीड. बाजारात भाजीवालीशी तीनदा घासाघीस, चौथ्यांदा नाही. तिसऱ्या वेळेला ती जे म्हणेल ते. भांडणाचंही तेच. एकदा वेळापत्रकावरनं आधीच्या हेडमास्तरांशी जुंपली. सरांनी तीनदा आपलं म्हणणं मांडलं आणि चौथ्यांदा हेडमास्तर उसळले तेव्हा हे शांतपणे खडू उचलून वर्गावर गेले. मी म्हटलं, “अहो सर, तुमचं बरोबर होतं, सोडलंत का?” तर म्हणाले, “तीनदा सांगितलं. आता त्येंचं ते बघतील.”

आणि किल्ला! रोज संध्याकाळी फिरायला किल्ल्याकडं जायचे. खंदकावरच्या पुलापर्यंत जायचं, दरवाजाकडं बघायचं, मागं फिरायचं. लोक लांबलांबून येऊन आतली तोफ बघतात. हे वीसेक वर्षं परंड्यात राहून आत गेले नव्हते. मी एकदा चिडूनच विचारलं.

“म्हाईत हाय आत काय हाय ते,” सर म्हणाले. “पर आत गेलं की भायेर कवा यायचं, ते कोण ठरवणार?”

“आपणच की!”

“त्येच तर न्हाय जमत, मराठीवाले.”

ते मला कधी नावानं हाक मारायचे नाहीत. मी मराठीवाले, खेळाचे शिक्षक पीटीवाले. स्वतःच्या बायकोला मात्र ‘अवो’.

पोकर आमच्यात आणला तो पीटीवाल्यांनी. त्यांचे साडू गोव्याला एका हॉटेलात कामाला. तिथं जाऊन पीटीवाले हा खेळ शिकून आले. हातात दोन पानं, मध्ये पाच पानं हळूहळू उघडायची, सातातनं ज्याची पाच चांगली त्याचा डाव. दर वेळी पान उघडलं की बोली. एकानं टाकलं तर दुसऱ्यानं तेवढं टाकायचं, नाहीतर चढवायचं, नाहीतर पानं खाली ठेवून गप बसायचं. रविवारी दुपारी सरांच्या घरी आम्ही तिघं आणि शाळेचे हेडक्लार्क बसायचो. पैसे नाहीत हां. मास्तर माणसं आम्ही, उगीच गावात बोभाटा नको. चिंचोक्यांवर खेळायचो. वहिनी चिंच फोडायच्या आणि चिंचोके धुऊन वाळवून एका डब्यात आमच्यासाठी ठेवायच्या.

सरांनी पहिल्याच दिवशी खेळ बांधून घातला. आधीच्या दोन फेऱ्यांना दोन चिंचोके, नंतरच्या दोनांना चार. चढवायचं तर तेवढंच चढवायचं, आणि एका फेरीत तीनदाच. त्याला आम्ही ‘बांधीव डाव’ म्हणायचो. कुणी टाकलं आणि तुम्हाला तेवढं टाकून पुढं जायचं असेल तर म्हणायचं, ‘असू द्या.’ सोडायचं असेल तर ‘साकु.’ हे शब्दही सरांचेच, आमच्या तोंडात आपोआप बसले.

बांधीव डावात सर वाघ होते. कारण कुणालाच घाबरायचं काही कारण नसायचं. चारच चिंचोके तर जाणार! पुढच्यानं टाकलं की हे न बघता ‘असू द्या’, परत टाकलं की ‘असू द्या’, आणि शेवटी पानं उघडली की ह्यांची जोडी आपल्यापेक्षा एका पानानं वरचढ निघायची. पीटीवाल्यांचा जळफळाट व्हायचा. त्यांचं म्हणणं, ह्या खेळात कुणाला उठवताच येत नाही, सगळे शेवटपर्यंत ठाण मांडून बसतात, हा पोकर नव्हे, ही पंगत झाली.

“खरा डाव मोकळा असतोय सर,” एका रविवारी ते म्हणाले. “वाटलं तर एक टाका, वाटलं तर म्होरचा सगळा ढीग लोटा. ‘सगळं’ म्हणायचं आन् लोटायचं.”

“आन् किती टाकायचं ते कोण ठरवणार?”

“तुमीच!”

सर बराच वेळ चिंचोके हातात घोळवत बसले. मग म्हणाले, “असू द्या. बघू.” तिथंच घोटाळा सुरू झाला.

मोकळ्या डावात सरांचे हाल कुत्रा खाईना. मध्ये साठ चिंचोक्यांचा ढीग पडलेला असायचा आणि हे आपले चार टाकून चढवायचे. पीटीवाले पोट धरून हसायचे, “सर, ह्येला भिऊन कोण उठल वो!” आणि पीटीवाल्यांनी तीस टाकले तरी सर सवयीनं ‘असू द्या’ म्हणून मोकळे व्हायचे, कारण त्यांच्या कानाला अजून तीसही चारच वाटायचे. तीन रविवार त्यांचे चिंचोके संपले. चौथ्या रविवारी तो प्रसंग घडला.

सरांच्या हातात नव्वीची जोडी होती, हे नंतर कळलं. पीटीवाल्यांनी दोन्ही हातांनी ढीग लोटला आणि मांडीवर थाप मारून म्हणाले, “सगळं! बोला सर!” नेमक्या त्याच वेळी आतनं वहिनींचा आवाज, “अवो, च्या अजून एक कप टाकू का?”

सर पानांकडं बघत होते. म्हणाले, “असू द्या.”

दोघांनीही आपापलं ऐकलं. पीटीवाल्यांनी एक्क्यांची जोडी उघडली आणि वहिनींनी आधण ठेवलं. हेडक्लार्क म्हणाले, न्हाय न्हाय, सरांनी चहाला म्हटलं, डाव परत घ्या. मी म्हटलं, चहालाही त्यांनी ‘नको, असू दे’ अशा अर्थानं म्हटलं असणार, एका कपाच्या वर ते घेतच नाहीत. पीटीवाले म्हणाले, आमच्या पटावर असू द्या म्हणजे असू द्या, तुमचं व्याकरण शाळेत. चांगली पंधरा मिनिटं वाद. शेवटी आम्ही तिघंही सरांकडं वळलो. “सर, तुम्हीच सांगा. कशाला म्हणालात?”

सरांनी आपला सगळा ढीग पुढं सरकवला. “तोंडातनं गेलं ते पटावर पडलं. आता उचलायचं न्हाय.” आणि वहिनींनी आणलेला दुसरा कपही पिऊन टाकला. डावही हरले आणि चहाही प्यायले. ते कशाला म्हणाले होते ते त्यांनी सांगितलं नाही.

त्यानंतर माणूस बिघडला की सुधारला, मला सांगता येणार नाही. उत्तरपत्रिकांच्या पाठकोऱ्या बाजूवर तांबड्या पेनानं काहीबाही मांडायला लागले. शाळा सुटली की मला गाठायचे. “मराठीवाले, बांधीव डावात समोरच्याजवळ काय हाय ते कळतच न्हाय. तो बी चार टाकणार, म्या बी चार. मोकळ्या डावात माणूस किती लोटतोय त्येच्यावरनं त्येला कशाची गरज हाय ते दिसतंय.” मी मान डोलवायचो. मला घरी जायची घाई असायची.

आणि मग हद्दी सुटायला लागल्या, पण सगळ्या नाहीत. भाकरी दीडच. पण एका बाजारात म्हातारीकडं सीताफळाची पाटी बघितली, भाव विचारला नाही, घासाघीस नाही, “सगळं” म्हणाले. सत्तरेक सीताफळं! वहिनी कपाळाला हात लावून बसल्या. दुसऱ्या दिवशी सातवी अ मध्ये गणिताच्या तासाला सगळी पोरं सीताफळं खात होती आणि बिया मोजून शेकडेवारी काढत होती. हेडमास्तर मला म्हणाले, “सरांचं काही बरं नाही का हो?” मी काय सांगणार? वर्गाच्या दारात मी पण एक सीताफळ खाल्लं होतं.

आता मूळ गोष्ट. ती सांगायला मला जड जातं, म्हणून इतका वेळ सीताफळं मोजत बसलो.

त्या वर्षी आमची एक तुकडी बंद झाली आणि एक शिक्षक जादा ठरला. आमच्या संस्थेची दुसरी शाळा सास्तूरच्या बाजूला, म्हणजे परंडा जिल्ह्याच्या ह्या टोकाला तर ती त्या टोकाला. तिथं माणूस हवा होता, गणिताचाही चालेल, मराठीचाही. नियमानं ज्याची नोकरी कमी तो जाणार. तो मीच.

माझ्या वडिलांच्या अंगावरनं वारं गेलं होतं. उजवी बाजू पूर्ण लुळी. बायको परंड्याच्याच दवाखान्यात नर्स. ती सकाळी ड्युटीला गेली की शाळा सुटेपर्यंत शेजारच्या मावशी बघायच्या आणि नंतर मी. त्यांना उठवणं, पुसणं, भरवणं दोन माणसांचं काम. मी तिकडं गेलो असतो तर हिला नोकरी सोडावी लागली असती, नाहीतर वडिलांना कुठंतरी ठेवावं लागलं असतं. वडिलांना बोलता यायचं नाही, पण कळायचं सगळं. मी बदलीचं हळू आवाजात सांगत होतो तेव्हा त्यांनी डाव्या हातानं माझा शर्ट धरून ठेवला होता.

आणि सरांचं काय, तेही सांगतो, नाहीतर लबाडी होईल. गावाकडच्या भूकंपात त्यांची आई आणि धाकटी बहीण गेली होती. ते तेव्हा शिकायला सोलापूरला. त्यानंतर ते गावाकडं राहायला कधी गेले नाहीत. लग्नकार्य निघालं तर तुळजापूरपर्यंत जायचे, देवीच्या पायऱ्यांवर आहेर पोचता करायचे, परत यायचे. “तुळजापूरच्या पल्याड माझी हद्द न्हाय,” असं म्हणायचे. हे मला माहीत होतं. हेडमास्तरांना नव्हतं. ते नवीन होते.

मधल्या सुट्टीत हेडमास्तरांनी आम्हा दोघांना खोलीत बोलावलं. चहा आला. टेबलावर तो कागद. हेडमास्तर भला माणूस, मला म्हणाले, “नियमानं तुमचंच नाव येतंय. पण दुसरं कुणी आपखुशीनं तयार असेल तर संस्थेला काही अडचण नाही.” मग सहज, अगदी सहज, सरांकडं वळले. “सर, तुमचं तर गावच तिकडं. नोकरीची शेवटची वर्षं. तुमचं नाव घालू का?”

सर बशीत चहा ओतत होते. म्हणाले, “असू द्या.”

मला कळलं होतं. हे जेवणात वाढणाऱ्याला हात आडवा करून म्हणतात ते ‘असू द्या’ होतं. नको, राहू दे, माझं नको. वीस वर्षांची सवय. पण हेडमास्तर हुशारले आणि पेनाचं टोपण काढलं.

“घालू ना मग?”

सरांनी मान वर केली. “असू द्या.”

मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत होतो. त्यावर एका खतांच्या दुकानाची जाहिरात होती, हिरवंगार शेत, ट्रॅक्टर. नुसतं म्हणायचं होतं, साहेब, सर नको म्हणतायत. चार शब्द. मराठीचा शिक्षक मी, अर्थ उलगडून सांगणं हाच माझा धंदा. पण शर्टाला धरलेला तो डावा हात मला दिसत होता आणि मी कॅलेंडरवरचा ट्रॅक्टर बघत राहिलो.

“बघा हं सर,” हेडमास्तर म्हणाले, “एकदा कागद वर गेला की मग माघार नाही.”

“असू द्या की,” सर म्हणाले आणि बशीतला चहा एका घोटात प्याले.

नाव घातलं गेलं. बाहेर आल्यावर सर खडू उचलून निघाले. त्यांचा सहावीवर तास होता. मी शिक्षकांच्या खोलीत जाऊन वह्या तपासायला घेतल्या आणि एकाच वहीवर दोनदा सही केली.

त्यावर शाळेत जितकी तोंडं तितके अर्थ. पीटीवाल्यांचं ठाम मत, की सर मोकळा डाव शिकले, त्यांनी ढीग लोटला. हेडक्लार्कना वाटलं, म्हाताऱ्याला गावाची ओढ लागली असणार, माणसाचं असंच असतंय. हेडमास्तर तर शाल देताना म्हणाले, सरांची इच्छा पूर्ण झाली. आणि माझी बायको! तिला मी सगळं खरं सांगितलं. ती म्हणाली, “तुम्हाला काय माहीत त्यांना नको म्हणायचं होतं? तुम्हाला पश्चात्ताप करायचा म्हणून तुम्ही तसं ठरवताय.” मी रात्रंदिवस हेच घोकायचो. सवयीचं की मनातलं? बांधीव सर बोलले की मोकळे सर? अन् मला नक्की काय व्हायला हवं होतं, तेही कळेना. नको म्हटलं असेल तर मी चोर. हो म्हटलं असेल तर मी त्यांचा जन्माचा मिंधा.

निघायच्या आदल्या दिवशी संध्याकाळी सर मला घेऊन किल्ल्याकडं गेले. पुलाशी मी सवयीनं थांबलो. ते थांबले नाहीत. दरवाजातनं सरळ आत. तोफेपाशी गेले, तिच्यावर तळवा ठेवून उभे राहिले. उन्हानं ती अजून तापलेली होती. थोड्या वेळानं पहारेकऱ्यानं शिट्टी मारली, बंद करायची वेळ झाली म्हणून.

“आरं तिच्या!” सर म्हणाले. “भायेर कवा यायचं ते ह्यो ठरवतोय व्हय!” आणि इतके हसले की पहारेकरी बघत राहिला.

वडील त्यानंतर दोन वर्षं आणि काही महिने जगले. त्यांच्या शेवटच्या दिवसापर्यंत त्यांना रोज रात्री मीच भरवलं. त्यातला एकेक घास सरांचा होता, हे मला माहीत होतं आणि मी सास्तूरला एक फोनही केला नाही. लाज वाटायची, दुसरं काय.

तेरावं झाल्यावर महिनाभरानं गेलो. तीन गाड्या बदलून. सर आता निवृत्त झालेत, पण परत आलेले नाहीत. भूकंपानंतर वसवलेलं गाव, सरळ गल्ल्या, एकसारखी घरं. विचारत विचारत पोचलो. वहिनींनी ओळखलं. सर वाळले होते, पण खिशात दोन पेनं होतीच. संध्याकाळी मला जुन्या गावाच्या कडेपर्यंत घेऊन गेले. तिथं दगडांचे ढीग, बाभळी आणि एक मोठं चिंचेचं झाड. झाडापर्यंत जातात आणि मागं फिरतात.

“आताचे चिंचोके ह्येचेच,” म्हणाले. “आमची चिंच. आई बसायची हितं.”

जेवायला बसण्याआधी त्यांनी डबा आणि पत्ते काढले. दोघांतच वाटले. मला पानं दिसेनात. मी विचारलंच. “सर, त्या दिवशी हेडमास्तरांच्या खोलीत तुम्ही असू द्या म्हणालात. काय म्हणायचं होतं तुम्हाला?”

त्यांना आठवावं लागलं नाही. “पयलं सवयीनं गेलं. नको म्हणायचं हुतं.”

“मग दुसऱ्यांदा स्पष्ट नाही म्हणायचं होतं सर!”

“म्हणणारच हुतो. म्हणून तुमच्याकडं बघितलं. तुमी बोलाल, असं वाटलं. तुमी क्यालेंडर बघत हुता.” त्यांनी पत्ते परत पिसले. आवाजात राग नव्हता, तो असता तर बरं झालं असतं. “तवा दिसलं की, तुमचा सगळा ढीग मधी हाय. आन् माझ्याकडं किती हाय, ते म्या आजवर मोजलंच नव्हतं. दुसरं नुसतं तोंडातनं गेलं.”

“आणि तिसरं?”

“तिसरं म्या म्हणलो.”

तीनदा विचारलं होतं. त्यांनी एकदा चुकून, एकदा अडखळून, एकदा मनापासून उत्तर दिलं होतं. त्या तिन्ही वेळा मी तिथंच बसलो होतो. तेवढ्यात वहिनी ताटं घेऊन आल्या, पत्ते बाजूला सारले. शेंगापोळी केली होती. मी खाली मान घालून खाल्ली. त्या दुसरी घेऊन समोर उभ्या राहिल्या.

“वाढू का भावजी अजून एक?”

“असू द्या,” मी म्हणालो.

त्यांचा हात ताटावर तसाच थांबला. सर माझ्याकडं बघत होते.

“म्हंजे व्हय का न्हाय?” वहिनी म्हणाल्या. “नीट सांगा की.”